सत्त्याण्णवच्या पुढचे दाते

भोसरीपासून चाकणपर्यंत माझ्याबद्दल एक अफवा होती, आणि ती मीच पसरवलेली असल्यामुळे तिच्या खरेपणाची हमी देतो. अफवा अशी, की नानांसमोर आकडा ठेवला की तो आपण होऊन फुटतो. एकदा म्हणे मी कॅन्टीनमधल्या कॅलेंडरकडे नुसती नजर टाकली, तर महिन्यातल्या सगळ्या तारखांचे तुकडे होऊन खाली पडले. दोन, तीन, पाच, सात करत एकतीसपर्यंतच्या अकरा तारखा तेवढ्या भिंतीवर राहिल्या, आणि एक तारीख. तिला बिचारीला फुटायला अंगच नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं, की पुढे लोक मलाच सांगायला लागले.

आता गुडघे बोलतात, डाव्या कानात गिअर कापायचं हॉबिंग मशीन कायमचं राहायला आलंय आणि मोशीतल्या आमच्या बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावरून चाकणच्या रस्त्यावरची गर्दी बघण्यापलीकडे मला काही उद्योग नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, 'नाना, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण जरा कमी वाढवून लिहा.' प्रयत्न करतो. थकलेल्या माणसाला वाढवून सांगण्याचेही कष्ट होतात.

मी अडतीस वर्षं गिअर कापले. गिअर म्हणजे दाते असलेलं चाक, एवढं समजलं तरी पुरे. कणीक एकसारखी कापावी तसे त्या चाकाला एकसारखे दाते पाडायचे, हा धंदा. ऐकायला सोपं आहे. पण कोणी म्हणालं, मला एकशे तेहतीस दाते हवेत, तर मशीनला ते तोंडानं सांगता येत नाही. निदान आमच्या मशीनला येत नव्हतं. त्याच्या बाजूला एक लाकडी पेटी असायची, तिच्यात वीस दात्यांपासून शंभर दात्यांपर्यंतचे छोटे गिअर. चेंज गिअर म्हणतात त्यांना. एकशे तेहतीस म्हणजे सात गुणिले एकोणीस. मग पेटीतून सातच्या पाढ्यातला एक पस्तीसचा काढायचा, एकोणीसच्या पाढ्यातला एक अडतीसचा काढायचा, असे चार-सहा गिअर मशीनच्या पोटात एकाला एक लावायचे, की मशीन बरोबर एकशे तेहतीस दाते पाडतं. म्हणजे लोखंड कापायच्या आधी आकडा कापावा लागतो. शाळेत त्याला अवयव पाडणं म्हणतात. आम्ही आकडा फोडणं म्हणायचो, आणि ज्याला ते कागदाशिवाय जमायचं त्याला मान होता. तो मान मला होता. बाकी काही नव्हतं.

काही आकडे फुटत नाहीत. पुस्तकात त्यांना मूळ संख्या म्हणतात, आमच्यात आडमुठे म्हणायचे. सत्तावन्न आडमुठा वाटतो, पण तो एकोणीस त्रिक सत्तावन्न. नुसता आव आणतो. एकोणसाठ खरा आडमुठा. वीसपासून शंभरपर्यंतचे सगळे आडमुठे पेटीत होते, शेवटचा सत्त्याण्णवचा. त्यांचं काम पडायचं, कारण परदेशी मशीनवाल्यांना आडमुठे दाते फार आवडतात. वीस दात्यांचं चाक चाळीस दात्यांच्या चाकावर फिरलं, तर तोच दाता कायम त्याच दोन दात्यांना भेटतो. वाकडच्या टॉवरमध्ये समोरासमोरच्या दारांत रोज त्याच दोन वहिन्यांची गाठ पडावी तसं. एकीच्या दारावर ओरखडा असला की तो दुसरीच्याही दारावर उमटणारच. चाळीसऐवजी एकेचाळीस करा, की प्रत्येक दाता सगळ्यांना पाळीपाळीनं भेटतो, आणि झीज सगळ्यांत वाटली जाते.

सत्त्याण्णवच्या पुढे पेटी संपायची. एकशे एक, एकशे तीन, एकशे सात या दात्यांचं चाक कापायला त्याच दात्यांचा चेंज गिअर लागतो. तो आमच्याकडे नव्हता, शेजारच्या गाळ्यात नव्हता. दुसरी एक वाकडी वाट असते मशीनमध्ये, पण आमच्या मशीनचा तो भाग मालकांच्या लग्नाआधीच बंद पडलेला. त्यामुळे गिऱ्हाईक एकशे एक दाते मागायला आलं, की आम्ही त्याला चहा पाजून शंभरवर राजी करायचो. अशी वर्षानुवर्षं काढल्यावर माणसाला वाटायला लागतं, की एकशे एक दात्यांचं चाक जगात नसतंच. माझंही तसंच झालं होतं. मला ते कळलं नव्हतं, एवढंच.

एक गंमत सांगून मग मुद्द्यावर येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नाना म्हातारे झाले. वाकडचा एक बिल्डर आमच्या गाळ्यावर आला. पांढरे बूट. त्याला कोणा ज्योतिषानं सांगितलेलं, गाडीचा नंबर असा घ्या की ज्याचे तुकडे होत नाहीत, मग भागीदारीत फूट पडणार नाही.

"चार आकडी पाहिजे नाना, आणि मोठ्यात मोठा."

मी डोळे मिटले, छताकडे तोंड केलं, उगाच दोन मिनिटं ओठ हलवले आणि म्हणालो, "नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर."

"तपासून बघितलं?"

"सत्त्याण्णवपर्यंत सगळे आडमुठे लावून बघितले. एकालाही दाद देत नाही."

"आणि सत्त्याण्णवच्या पुढचे?"

"गरज नाही. चार आकड्यांत सत्त्याण्णवपर्यंत नाही फुटला, तर फुटतच नाही."

हे अगदी खरं होतं. आकड्याचे दोन तुकडे करायचे तर दोन्ही शंभराच्या वरचे असून चालत नाहीत, कारण शंभर गुणिले शंभर म्हणजेच दहा हजार होतात. चार आकडी संख्येत एक तुकडा शंभराच्या आत पडणारच. त्यामुळे माझी पेटी जिथं संपते तिथंच चार आकड्यांची तपासणीही संपते. हा योगायोग मला इतका आवडायचा की मी तो कायदा समजलो. बिल्डर खूश होऊन गेला. वर्षभरात भागीदार पळाला, पण तो गाडी घेऊन पळाला, त्यामुळे नंबरला दोष देता येत नाही.

आता सुजाता मॅडम.

चाकणला गाड्यांचे भाग रंगवणारी एक कंपनी होती, तिथं त्या मेंटेनन्सला होत्या. वडील पिंपरीला प्रेसवर काम करून रिटायर झालेले, मुलगी डिप्लोमा करून त्याच पट्ट्यात आली. पस्तिशीच्या, बोलणं मोजकं, खिशात कायम लाल पुठ्ठ्याची छोटी वही. कुठलीही मोटर, कुठलाही पंप उघडला की आधी त्याच्या प्लेटवरचे आकडे वहीत उतरवणार, मग पाना हातात घेणार. त्या वर्षी लाइनच्या मेंटेनन्सची सगळी जबाबदारी, म्हणजे इन्चार्जची जागा, त्यांना मिळायची होती. नुसतं पत्र निघायचं राहिलेलं. त्या मजल्यावर, म्हणजे शॉप फ्लोअरवर, तोवर कुठली बाई इन्चार्ज झालेली नव्हती.

त्यांच्याकडे रंग सुकवायला एक भलीमोठी फिरती थाळी होती. आमच्या गावच्या तालमीएवढी म्हणालो असतो, पण संपादकांना शब्द दिलाय, म्हणून ट्रकएवढी म्हणतो. तिच्यावर रंगवलेले भाग ठेवायचे, ती गरम बोगद्यातून फिरत सव्वासात मिनिटांत एक फेरा पूर्ण करायची. मोटर जोरात फिरते, थाळी कासवासारखी. मधला वेग मारायला गिअरबॉक्स. तो एक दिवस जाम झाला आणि त्याचं घर तडकलं. मॅडमनी रिवाजाप्रमाणे प्लेटवरचा आकडा वहीत उतरवला आणि दुसऱ्या लाइनवर गेल्या. त्या परत येईपर्यंत भंगाराची गाडी आली होती. आत पितळेसारख्या धातूची चाकं, वजनदार माल. भंगारवाल्यानं अख्खा गिअरबॉक्स उचलून नेला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर भट्टीत गेलेला. कंपनी परदेशी होती, ती कधीच बंद पडलेली, ड्रॉइंग कुठंच नाही. उरला फक्त वहीतला आकडा. दहा हजार चारशे तीन. म्हणजे मोटरच्या इतक्या फेऱ्यांना थाळीची एक फेरी.

त्यांचे प्लांट मॅनेजर देशमुख साहेब यांनी मला बोलावलं. तिथं रोज शिफ्ट सुरू होताना मजल्यावरच उभ्याउभ्या मीटिंग होते, मागे एक पांढरा फळा असतो, तीस-चाळीस माणसं गोल उभी राहतात. मी पोहोचलो तेव्हा मीटिंग चालू होती. माझं नाव त्यांच्याकडे आधीच पोहोचलेलं. धनाजी नावाचा फिटर होता, मोशीच्या जुन्या घरातला, त्यानं तर मला बघून टाळी वाजवली.

"नाना, त्ये कॅलेंडरचं सांगा की."

"आधी काम, मग कॅलेंडर," मी म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. आता माझा जन्म अशाच क्षणांसाठी झालेला. तीस माणसं बघतायत, फळा आहे, आकडा आहे. मी डोळे मिटले. तीन नाही. सात, एकानं हुकला. अकरा नाही. तेराला तीन उरले. सतराला एक कमी पडला. एकेक करत सत्त्याण्णवपर्यंत गेलो. तिथं चोवीस उरले. मी डोळे उघडले.

"देशमुख साहेब, हा आकडा गिअरबॉक्सचा नाही."

"म्हणजे?"

"हा आडमुठा आहे. फुटतच नाही. आणि जो फुटत नाही त्याचा गिअरबॉक्स बनत नाही. एका चाकावर दहा हजार दाते पाडले, तर ते चाक ठेवायला तुम्हाला तळेगावात जमीन घ्यावी लागेल."

हशा झाला. मॅडम म्हणाल्या, "प्लेटवर हाच होता. मी उतरवलाय."

"दहा हजार चारशे असणार मॅडम. शंभर गुणिले एकशे चार. सरळ, देखणा आकडा. शून्याची एक बाजू घासली गेली, तुम्हाला तीन दिसला."

"घासलेलं नव्हतं काही. स्वच्छ तीन होता."

इथं थांबायला हवं होतं. पण तीस माणसं हसायला तयार उभी होती, आणि मला असं हसू उभं ठेवून जाता येत नाही. मी म्हणालो, "मॅडम, तीन तुमचाच आहे, प्लेटचा नाही. घरी घेऊन जा, भाजीत टाका."

सगळा मजला हसला. देशमुख साहेब हसले. मॅडमनी वही बंद करून खिशात ठेवली.

मी शंभर आणि एकशे चार दात्यांची दोन चाकं कापून दिली. स्क्रूसारखा दांडा चाकाला ढकलतो, दांड्याच्या एका फेऱ्याला चाकाचा एक दाता पुढे, अशा दोन जोड्या लावून शंभर गुणिले एकशे चार. थाळी मस्त फिरली. तीनचा फरक म्हणजे सव्वासात मिनिटांत सेकंदाचा आठवा भाग. रंगाला काय कळतंय. लोखंडाचं काहीही बिघडलं नाही, म्हणून चूक उघडीही पडली नाही.

बिघडलं ते निराळंच. माझा विनोद त्या मजल्यावर राहायला आला. कॅन्टीनला मॅडम गेल्या की कोणीतरी म्हणायचं, "मॅडमना चहा एक, वरचे तीन." नाव पडलं वरचे तीन. आणि देशमुख साहेबांनी, वाईट हेतूनं नाही, पण एक नियम काढला: सुजाता मॅडम जो आकडा उतरवतील त्याखाली दुसऱ्या कोणाची तरी तपासल्याची सही पाहिजे. दुसरा म्हणजे धनाजी. त्यांच्याच हाताखालचा.

धनाजी एकदा आमच्या गाळ्यावर आला होता, तेव्हा त्यानंच सांगितलं. "नाना, लय वंगाळ वाटतं ओ. मॅडम वही फुडं करत्यात, आमी सही ठोकतो. मला त्यातलं काय कळतंय? दहावीला गणितात पस्तीस."

"मग नाही म्हण."

"साहेबांचा नियम हाय. आन् मॅडम काय बोलत न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

"इन्चार्जचं पत्र?"

"त्ये थांबलंय."

मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला. मला खात्री होती, आकडा आडमुठा आहे. माझ्यामुळे पत्र थांबलं असेल तर ते त्या तीनमुळे थांबलं, आणि तीन मॅडमचा. असं मी स्वतःला समजावलं, आणि स्वतःला समजावण्यात मी वस्ताद आहे.

तीन महिन्यांनी एका शनिवारी दुपारी मॅडम स्वतः आल्या. स्कूटर लावली, हेल्मेट हातात घेऊनच आत आल्या. मी मशीनला तेल देत होतो.

"नाना, तुम्ही त्या दिवशी कुठपर्यंत भागून बघितलं होतं?"

"सत्त्याण्णवपर्यंत. सगळे आडमुठे."

"पुढे का नाही?"

"पेटी तिथंच संपते ना," मी म्हणालो. आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मी तेलाचं डबडं खाली ठेवलं. चार आकडी नव्हता तो. पाच आकडी होता.

मॅडमनी वही उघडून माझ्यासमोर मशीनच्या टेबलावर ठेवली. बारीक, नीट अक्षरात भागाकार. वर एक ओळ होती.

"एकशे दोनचा वर्ग किती?"

"दहा हजार चारशे चार," मी म्हणालो. असले वर्ग मला झोपेत येतात.

"त्यातून एक कमी."

मी वहीवर वाकलो.

"वर्गातून एक कमी केला की त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा यांचा गुणाकार येतो. आठवीत असतं, नाना. एकशे एक गुणिले एकशे तीन."

मी मनात गुणून बघितलं. दहा हजार चारशे तीन. स्वच्छ. मी शंभर आणि एकशे चार ही चाकं माझ्या हातानं कापली होती, महिनाभर त्या दोन आकड्यांच्या मधोमध उभा होतो, आणि मधले दोन मला दिसले नव्हते. कारण पेटीत नव्हते. परदेशातल्या कुठल्यातरी गाळ्यात एकशे एकचा चेंज गिअर होता, बास, एवढंच.

"मी देशमुख साहेबांना चिठ्ठी लिहून देतो," मी म्हणालो. "आत्ता देतो."

"चिठ्ठी नको. ती ड्रॉवरमध्ये जाईल. तुम्ही जिथं बोललात तिथं येऊन सांगा. सकाळच्या मीटिंगला."

"येतो."

"कधी?"

"ह्या आठवड्यात."

ही या लेखातली मला सगळ्यात जड जाणारी जागा आहे. त्या आठवड्यात मी गेलो नाही. मोठी ऑर्डर होती, ती खरीच होती. मग गुडघा दुखत होता, तोही खराच दुखत होता. मग पुतण्याचं लग्न. चाकणचा रस्ता तर कुठल्याही कारणाला कायम तयार असतो. भोसरीहून तिथं जायला तीन तास लागतात असं मी सांगत सुटलो. खरं तर सकाळी लवकर निघालं की तासात पोहोचतो माणूस. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. अडतीस वर्षांत कमावलेलं एकच, आकडे फोडणारे नाना, ते तीस माणसांसमोर फळ्यावर पुसायचं, या विचारानं मला सकाळी उठवत नव्हतं. मॅडमचा फोन आला नाही. एकदाही नाही. आला असता तर बरं, असं मलाही धनाजीसारखंच वाटलं.

दोन महिने गेले. मग धनाजीचा फोन आला, दुसऱ्याच कामाचा, आणि जाता जाता तो म्हणाला, "इन्चार्जच्या जागी तळेगावच्या प्लांटमधला एकजण आणलाय साहेबांनी. बरा हाय माणूस."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. तासाभरात पोहोचलो.

मीटिंग चालू होती. तोच गोल, तोच फळा, देशमुख साहेबांच्या शेजारी नवा माणूस. मॅडम मागच्या रांगेत. मी सरळ मधोमध गेलो.

"साहेब, दोन मिनिटं द्या. थाळीच्या गिअरबॉक्सचा आकडा मी चुकलो होतो. दहा हजार चारशे तीन फुटतो. मॅडमनी बरोबर उतरवला होता. चूक माझी."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकजण हसला. मग दुसरा. धनाजीसुद्धा, मन लावून हसला, माझ्या बाजूनं हसला तो. "नाना, आता पुढं सांगा. फुटला म्हंजी कसा फुटला? आवाज झाला का?"

"धनाजी, मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय. कॅलेंडरबी खरंच हुतं."

देशमुख साहेब हसत म्हणाले, "नाना, तुम्ही चुकलात हे ऐकायला माणसं तिकीट काढून येतील."

आयुष्यभर थापा मारून कमावलेलं सगळं त्या एका मिनिटात माझ्या अंगावर आलं. मी खरं बोलत होतो आणि ते माझं आजवरचं सगळ्यात बेमालूम सोंग ठरत होतं. मागच्या रांगेत मॅडम हसत नव्हत्या. त्या नुसत्या बघत होत्या, हा माणूस आता काय करतो ते.

मी मार्कर घेतला. फळ्यावर एकशे एक लिहिलं, खाली एकशे तीन. पहिलीतल्या पोरासारखा मांडून गुणाकार केला, हातचे नव्हतेच, बेरीज केली, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. मग नव्या माणसाला म्हणालो, "तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हीच तपासा."

त्यानं खिशातून मोबाइल काढला, आकडे दाबले. "बरोबर आहे," म्हणाला.

आता हसणारे फळ्याजवळ सरकले. मी पुढचंही बोललो. मी सत्त्याण्णवपर्यंतच बघितलं, कारण माझी पेटी तेवढीच होती. प्लेट घासलेली नव्हती. भाजीत टाकायचं जे म्हणालो होतो, ते माझं. मॅडमनी हे मला दोन महिन्यांपूर्वी वहीत दाखवलं होतं आणि मी आलो नाही. शेवटचं वाक्य बोलायचं मी रस्त्यात ठरवलं नव्हतं. ते निघून गेलं.

देशमुख साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "ठीक आहे. सुजाता मॅडम, तुमच्या आकड्याखालची दुसरी सही आजपासून बंद."

"बंद नको, सर."

सगळे मागे वळले.

"बंद नको. सगळ्यांना लावा. जो कोणी प्लेटवरचा आकडा उतरवेल, त्याखाली दुसऱ्याची सही. चुकू कोणीही शकतं. नाना चुकले."

"सगळ्यांना म्हणजे…" साहेब म्हणाले.

"सगळ्यांना."

"मलाही?"

"तुम्ही आकडा उतरवलात तर."

तीस माणसांसमोर देशमुख साहेबांना नाही म्हणता आलं नाही. जी गोष्ट एकट्या बाईला लावताना त्यांना दोन मिनिटं लागली नव्हती, ती स्वतःला लावताना ते बराच वेळ फळ्यावरच्या माझ्या गुणाकाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिहून घ्या."

जागा मात्र गेली ती गेली. आणलेला माणूस परत पाठवता येत नाही. मॅडमना इन्चार्जपण मिळालं, पण दोन वर्षांनी, तो माणूस दुसरीकडे गेल्यावर. त्यातले दोन महिने थेट माझ्या आळसाचे आणि भीतीचे होते, आणि मी वेळेत गेलो असतो तर दोन वर्षं वाचली असती, हा हिशेब मला बिनकागदाचा येतो. पण रोज येतो, त्याचा कंटाळा आलाय.

मी निवृत्त झालो. आमचं मशीन विकलं, पेटी त्याच्याबरोबर गेली. आता नव्या मशीनच्या पडद्यावर दात्यांचा आकडा टाइप करतात. एकशे एक काय, एकशे तीन काय, त्याला दोन्ही सारखेच. आकडा फुटतो की नाही हे आता कोणाला माहीत असायची गरज नाही, आणि मी हे तक्रार म्हणून लिहीत नाहीये.

गेल्या हिवाळ्यात धनाजीनं त्या प्लांटमध्ये बोलावलं होतं, त्याच्या निरोपाला. एक नवा इंजिनीअर, अकोल्याकडचा, गोड पोरगा, मला मजला दाखवत होता. मशीनशेजारी लटकवलेलं रजिस्टर उघडून म्हणाला, "काका, ही आमची स्पेशल सिस्टीम. प्रत्येक रीडिंगखाली दोन सह्या. मॅनेजरच्याही. ही जपानी पद्धत आहे. तिकडे म्हणे पन्नास वर्षांपासून चालू आहे."

मी बघितलं. देशमुख साहेबांच्या आकड्याखाली धनाजीची वाकडीतिकडी सही होती. सुजाता मॅडम दोन पावलांवर उभ्या होत्या, इन्चार्जची पाटी खिशाला. सगळी गोष्ट माझ्या जिभेवर आलेली, फळा, मार्कर, हशा, सगळं. एकदाही न वाढवता सांगितली असती. मी तोंड उघडलं.

"हो, जपानीच आहे," मॅडम म्हणाल्या.

पोरगा पुढे निघून गेला. मी थांबलो. म्हणालो, "मॅडम, खरं का नाही सांगितलं त्याला? मी कबूल करायला तयार होतो."

"माहीत आहे, नाना," त्या म्हणाल्या. "पण तुमचं नाव निघालं की लोक गोष्ट ऐकतात. जपानचं नाव घेतलं की सही करतात."